कच्च्या मुलांची यादी

सहावीत गुरुजींनी फळ्यावर मोठा ढ काढला आणि सांगितलं, ब्राह्मी लिपीपासून सगळी अक्षरं बदलत गेली, हे एकच जसंच्या तसं राहिलं. मग खडू माझ्याकडे रोखून म्हणाले, "आपल्या वर्गातही असं एक आहे." वर्ग हसला. मीही हसले, कारण न हसण्याची हिंमत नव्हती.

त्यांनी आईला बोलावून घेतलं. गिरणी बंद पडल्यापासून वडील वॉचमन होते आणि आई चार घरच्या चपात्या करून घाटकोपरच्या डोंगरावरच्या आमच्या खोलीत परतायची. तशीच घामाघूम ती शाळेत आली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गुरुजी, ढ कोणाक म्हणतास? ह्यां माझां चेडू. ह्यांच." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या लोकांत मालवणी कशाला बोलायचं? 'ही माझी मुलगी, हीच' असं सरळ म्हणता आलं नसतं?

पुढे मी तत्त्वज्ञान घेतलं, कारण दुसरीकडे कुठे प्रवेश मिळाला नाही. तिथे तो भेटला. मध्ययुगातला, स्कॉटलंडमध्ये जन्मलेला ख्रिस्ती संन्यासी आणि धर्मपंडित. बारीक बुद्धीसाठी नावाजलेला. पण तो गेल्यावर दोनेकशे वर्षांनी नव्या मताच्या विद्वानांनी त्याच्या अनुयायांची इतकी टिंगल केली, की त्याच्या नावावरूनच इंग्रजीत मठ्ठ पोरासाठी 'डन्स' हा शब्द तयार झाला. हे वाचलं तेव्हा मी ग्रंथालयात मोठ्याने हसले, या वेळी अगदी मनापासून.

त्याचा प्रश्न साधा होता. दोन माणसं माणूस म्हणून सारखीच, मग ही वेगळी आणि ती वेगळी कशामुळे? तो म्हणतो, प्रत्येकात एक 'हेच'पण असतं आणि गुणांची यादी कितीही लांबवली तरी ते तिच्यात येत नाही. म्हणजे ह्यांच. आई सहावीतच सांगून गेली होती आणि मी लाजले होते. त्या लाजण्याची मला अजून लाज वाटते.

आता मी उपनगरातल्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. माझ्याकडे येतात ती बहुतेक मुलं इतरांनी परत पाठवलेली. यंदा उपप्राचार्यांनी फर्मावलं, "मॅडम, कच्च्या मुलांची यादी द्या. त्यांना परीक्षेला बसवायचं नाही. उगाच आपला निकाल पडतो."

त्याच आठवड्यात वर्गात या संन्याशाचं प्रकरण चालू होतं. पॅरिसमध्ये राजाने पोपविरुद्ध सगळ्यांची संमती मागितली. याने दिली नाही. नकार देणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव लागलं आणि त्याला देश सोडावा लागला. शेवटच्या बाकावर एक मुलगी बसते. दोनदा नापास झालेली, यादीत पहिली तीच जाणार हे स्टाफरूममध्ये सगळे धरून चाललेले. तिने विचारलं, "पण मॅडम, ज्यांनी हो म्हटलं ना, त्यांच्यातलं कोणी आपल्याला सिलॅबसला आहे?"

मला एकही नाव सांगता येईना. घरी आले ती संतापानेच. अशी मुलगी परीक्षेला बसणार नाही, आणि तिला कच्ची ठरवणारा कागद माझ्या हातचा असणार?

दुसऱ्या दिवशी मी यादी दिली. उपप्राचार्यांनी कागद वाचला, मग मागे काही आहे का म्हणून उलटून पाहिला.

"मॅडम, यात एकच नाव आहे. तुमचं."

"हो सर," मी म्हटलं, "सहावीपासून आहे."