हळू नेटचा भरवसा

गिरणी बंद पडली आणि रे रोडला लाकडाच्या वखारीत बाबा ओझी उचलायला लागले. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही पाच जण. आई खानावळीचे डबे करायची. त्या डब्यांवर मी बी.कॉम. झाले, घरातली पहिली. नोकरी लागल्यावर जुना कॉम्प्युटर घेतला आणि फोनच्या तारेवर चालणारं नेट.

बाबा शक्तीतुऱ्याचे शाहीर. गावच्या नाचासाठी त्यांनी बांधलेली साठेक गाणी वह्यांत होती. ती सगळी मी टाइप केली. मग मीच म्हणाले, "खोलीत जागा नाही, वह्या रद्दीत देऊया."

बाबा घुटमळले. "बाय, त्या मशिनीतून कोण चोरून नाय ना नेणार?"

"बाबा, आपलं नेट इतकं हळू, व्हायरस दारात पोचेस्तोवर कंटाळून परत जाईल!"

"मग दे. शिकलेली तू."

नेट जोडताना मोडेम शिट्टीसारखा किंचाळायचा, आणि नेट चालू असलं की फोन अडायचा, आणि अख्ख्या मजल्याचे गावचे फोन आमच्याकडेच यायचे. अँटीव्हायरसचं अपडेट उतरायला तासन्‌तास लागायचे. शेजारच्या मावशी दारातून ओरडायच्या, "काय गो, तुझी ती शिट्टी थांबव! माझ्या लेकीचा फोन यायचाय." शेवटी मी अपडेटच बंद करून टाकलं. हळू नेट हीच राखण, असं मजलाभर सांगत फिरायचे.

वर्षभराने एका रविवारी गाण्यांचा फोल्डर उघडला. रिकामा.

दुरुस्तीवाल्याने व्हायरस शोधून दाखवला. एवढीशी फाइल. म्हणाला, "मॅडम, व्हायरस हलका असतो, अपडेट जड. तुमच्या स्लो नेटने औषध तेवढं अडवलं."

बाबांना सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "वह्या कुठल्या रद्दीवाल्याला दिल्यास?" आणि चपला घालून तिकडे जाऊन आले. रिकाम्या हातांनी. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

पुढची दोन वर्षं ते आठवेल तसं गात राहिले, मी लिहून घेत राहिले. कडवं अडलं की माझ्याकडे बघायचे. हिने एकदा टाइप केलंय, हिला तरी आठवेल, असं त्यांना वाटायचं. मला एक ओळ आठवत नव्हती. बोटं चालवली होती, लक्ष दिलंच नव्हतं.

साठातली एकोणीस गाणी पुरी झाली. ती कागदावर आहेत, दोन ठिकाणी त्यांच्या कॉप्या आहेत, आणि गेल्या गणपतीत गावच्या मंडळाने त्यातली सहा म्हटली.