आईच्या दातांचा फोटो

माझ्या आईचं तोंड भिंतीवर टांगलं होतं. नुसतं तोंड. डोळे नाहीत, कपाळावरचं गोंदण नाही. दोन ओठ आणि मध्ये काळे कुळकुळीत दात. शेजारी कुठल्यातरी पोरीचे पांढरेशुभ्र दात. खाली ठळक अक्षरांत, ‘हसायची लाज वाटते?’

नाशिकला कॉलेज रोडवरच्या दातांच्या दवाखान्यात मी मदतनीस होते. पोस्टर लागलं त्या दिवशी रिसेप्शनवरची पोरगी म्हणाली, “ई, कसले दात गं! डांबर खाल्लं की काय?” सगळे हसले. पुढचा एक दात जरा आडवा, त्यावरून मी आईला पहिल्या नजरेत ओळखलं होतं. तरी मीही हसले. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

आमचा पाडा हरसूलच्या वर, डोंगरात. लग्नाआधी आजीने आईचे दात काळे केले. हिरड्याच्या फळाची पूड लोखंडी पळीत भिजवून बोटाने दातांवर चोळायची. हे दातवण. आजीच्या वेळी काळ्या दातांच्या बाईला घरंदाज म्हणत. आता पाड्यावर दोघीतिघीच उरल्यात, पण आईचा तोरा कायम. मी शाळेतून पहिला ब्रश आणला तेव्हा म्हणाली होती, “पांढरे दात तं कुत्र्याला बी असतात.”

आमच्याच दवाखान्याने उन्हाळ्यात तिकडे मोफत शिबिर घेतलं. मी बहाणा करून नाशिकलाच थांबले, दवाखाना माझाच हे आईलाही सांगितलं नाही. आमच्या डॉक्टर मॅडमनी आईला विचारलं, “मावशी, तुमच्या दातांचा फोटो काढू?” आई म्हणाली, थांबा. घरी गेली. चूळ भरली, ताजं दातवण लावलं, ठेवणीतलं लुगडं नेसून आली आणि तोंडभर हसली. एका कागदावर तिचा अंगठा घेतला. नंतर महिनाभर ती पाड्यावर सांगत होती, डॉक्टरीणबाईला माझे दात आवडले, फोटो काढून नेला. मलाही फोनवर सांगितलं. ती कुणाची आई, हे मॅडमना माहीत नव्हतं. मी नाशिकचीच, असं सांगून कामाला लागले होते.

एका दुपारी आई नागलीचं पीठ घेऊन दवाखान्यात आली. भिंतीकडे बघून थबकली.

“पोरी, हे माझेच दात हायेत ना?”

मी मान डोलावली.

“खाली काय लिवलंय? वाच ना.”

आईला वाचता येत नाही. लोकांच्या द्राक्षबागांत राबून तिने मला शिकवलं. मी वाचलं, “किती छान हसू, असं लिहिलंय.”

आई फुलली. पेशंटांकडे वळली, पोस्टरकडे बोट केलं. “ते दात माझे हायेत,” म्हणाली आणि दाखवायला हसली. एका बाईने तोंडाला रुमाल लावला. बाकीचे तेवढेही सभ्य नव्हते. हसणं ऐकून मॅडम बाहेर आल्या.

“अय्या, याच का त्या? मावशी, बसा खुर्चीत. फुकट पांढरे करून देते. मग तोही फोटो लावू!”

त्यांच्या मनात वाईट नव्हतं. तेच जास्त लागलं.

आई माझ्याकडे बघू लागली. “पांढरे? मंग हे छान नायत?”

बोलले तर नोकरी जाणार, हे दिसत होतं. नाही बोलले तर तोच माझा होकार समजून आई त्या खुर्चीत बसणार.

“आये, मी खोटं वाचलं,” मी म्हणाले. “तिथं लिहिलंय, हसायची लाज वाटते?” सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. मग मॅडमना सांगितलं, “ही माझी आई आहे.”

आईने पदर तोंडावर ओढला.

“मला तं नव्हती वाटत लाज,” ती म्हणाली. “तुला वाटत व्हती का?”

“हो.”

मी स्टुलावर चढले आणि पोस्टर काढलं. मॅडम म्हणाल्या, “अंगठा दिलाय त्यांनी.” मी म्हणाले, “कशाला दिलाय, ते वाचून दाखवलं होतं?” मी तरी कोणत्या तोंडाने विचारत होते? खोटं तर मीही वाचलं होतं.

आता मी दुसरीकडे काम करते, पाड्याचं नाव सांगून. आईने दातवण सोडलं. रंग उडून दात तपकिरी झालेत, ना तिच्या मनासारखे, ना मॅडमच्या. ती पदराआडून बोलते. मी खूप विनवलं, माफी मागितली. ती नुसती मान हलवते. तिचं ते तोंडभर हसणं मी घालवलं, ते परत येणार नाही.

पुढच्या महिन्यात हरसूलला पुन्हा शिबिर आहे. मी दारात उभी राहणार. माझ्या पाड्यातल्या कुठल्याही बाईचा अंगठा टेकण्याआधी तो कागद मी वाचणार. मोठ्याने. लिहिलाय तसा.