हिरव्या साडीतली बाई

स्वतःला पडलेल्या शिव्या आमच्या साडूंइतक्या भक्तिभावानं वाचणारा दुसरा माणूस शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत कुणी दाखवला, तर मी भर बाजारात मिशा उतरवीन. लोक सकाळी उठून पोथी वाचतात, पेपर वाचतात. आमचे साडू चहाच्या आधी प्रेक्षकांचे अभिप्राय वाचतात. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाल्यावर त्यांनी एका सिनेमात दुष्ट मांत्रिकाचं काम केलं होतं. दौंडला लग्नाच्या शूटिंगा करणाऱ्या एका हौशी डायरेक्टरनं घोडनदीच्या कोरड्या पात्रात हा तलवारींचा आणि जादूटोण्याचा सिनेमा काढला आणि इंटरनेटवर टाकून दिला. तलवारी पत्र्याच्या, उडणारा अजगर ठिबकच्या नळ्यांचा आणि मांत्रिकाची दाढी सुतळीची. प्रेक्षकांनी काय काय लिहिलं असेल, ते तुम्हीच ताडा.

साडू मात्र प्रत्येकाला उत्तर देत. चष्मा कपाळावर, मोबाइल नाकाला आणि एकच बोट कामाला. एकानं लिहिलं, ‘अजगरापेक्षा आमच्या उसातला पाइप बरी अ‍ॅक्टिंग करतो.’ साडूंनी लिहिलं, ‘घेऊन या. दुसऱ्या भागात घेऊ.’ एकाला मांत्रिकाची दाढी आधी डावीकडे आणि मग उजवीकडे दिसली. त्याला उत्तर गेलं, ‘मांत्रिक हाय तो. दाढी बी फिरवल.’ नुसतं ‘छान’ लिहिणाऱ्यांवर त्यांचा भारी राग. “न बघता लिव्हत्यात, पाव्हणं. शिव्या देणाऱ्यानं निदान पिच्चर तरी बघितलेला असतोय.”

जिवंत प्रेक्षक सापडला तर विचारूच नका. न्हावऱ्याला एका दहाव्याला आम्ही बरोबर गेलो होतो. पिंड ठेवला होता, कावळा काही शिवेना, माणसं आभाळाकडे बघून ताटकळलेली. साडूंनी शेजारच्या म्हाताऱ्याच्या हातात हळूच मोबाइल दिला. “बाबा, कावळा येस्तवर बघून घ्या. दहाच मिंटाचं हाय माझं काम.” म्हाताऱ्यानं ते खरोखर बघितलं आणि म्हणाला, “त्यो कावळा तुमाला भिऊनच यीना झालाय.” साडूंनी हा अभिप्रायसुद्धा वहीत उतरवला. हो, वही होती. प्रेक्षकांनी काढलेली प्रत्येक खोट त्या शंभर पानी वहीत नंबर घालून लिहिलेली. ती त्यांनी स्वतः दौंडला नेऊन डायरेक्टरला दिली आणि सांगितलं, “यवढं दुरुस्त कर, पिच्चर टीव्हीवर जातोय का न्हाई बघ.”

एक खोट मात्र त्यांनी वहीत लिहिली नव्हती. सिनेमात मंत्र उलटतो आणि मांत्रिक धाडकन डबक्यात पडून मरतो. गावकऱ्यांनी त्या वेळी भिऊन ओरडायचं असतं. त्या दिवशी माझी मोठी मेहुणी, म्हणजे साडूंची बायको, नदीवर डबा घेऊन गेली होती. माणसं कमी पडली म्हणून डायरेक्टरनं तिलाही गर्दीत उभं केलं. नवरा चिखलात पडला आणि ताई पदर तोंडाला लावायच्या आत खळखळून हसली. जेमतेम दोन सेकंद. ‘सगळे भिऊन ओरडताहेत आणि मागे हिरव्या साडीतली बाई खिदळतेय,’ असं सात-आठ जणांनी लिहिलं. त्या प्रत्येकाला साडूंचं एकच उत्तर होतं, ‘बरोबर बघितलं. आभारी आहे.’

त्यानंतर वर्षभरातच ताई गेली. भिंतीवर तिचा आधार कार्डावरून मोठा केलेला फोटो आहे. ओठ मिटलेले, डोळे वटारलेले, हप्ता मागायला आलेल्या माणसाकडे बघावं तसे. हसतानाची ताई कुठंच नाही. होती ती त्या डबक्यामागे.

यंदा सिनेमा खरंच एका चॅनेलनं मागितला. डायरेक्टर वही पुढ्यात घेऊन दुरुस्तीला बसला. त्याचा फोन आला तसं साडूंनी मला मोटरसायकल काढायला लावली. आम्ही थेट दौंड गाठलं.

“आप्पा, काकूंचं हसणं काढलंय,” डायरेक्टर खाली मान घालून म्हणाला. “मांत्रिक मरतो आन् लोक हसत्यात. लिहिलंय लोकांनी.”

“माझ्या वहीत न्हवतं ते.”

“न्हवतं. पण मी बी वाचतो ना, आप्पा.” त्यानं एक पेनड्राइव्ह पुढे केला. “तेवढा तुकडा यात ठेवलाय. घरी बघा, पायजे तवा.”

साडूंनी तो हातात घेऊन उलटसुलट केला. “घरी बघायला मी हायच की रं. पण मला ती लोकांनी बघितलेली पायजे. नावं ठेवली तरी चालंल.”

पण डायरेक्टरनं चॅनेलला शब्द दिलेला होता. इंटरनेटवरून जुना सिनेमा उतरला, नवा चढला. दाढी जागेवर आली, अजगराला खवले आले, आणि डबक्यामागचे गावकरी आता एकजात भिऊन ओरडतात. अभिप्रायही सुधारले. लोक ‘छान’ लिहितात. साडू ते वाचतात आणि मोबाइल पालथा ठेवतात.

परवा गेलो तेव्हा मोबाइल सुलटा होता. त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला. कुणा अनोळखी माणसानं लिहिलं होतं, ‘जुन्यात मागे एक बाई हसायची. ती कुठं गेली?’

शेकडो जणांना उत्तरं देणाऱ्या त्या माणसाचं बोट मोबाइलच्या काचेवर टेकलेलं होतं. त्यांनी दोन अक्षरं लिहिली, पुसली. पुन्हा लिहिली, पुन्हा पुसली. मग चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला आणि मला म्हणाले, “पाव्हणं, ह्याला काय लिव्हायचं?”