पाणी नको म्हणणारी बाई

मला पाणी मोजून मिळतं. सकाळी नवरा एक बाटली भरून माझ्या पुढ्यात ठेवतो आणि तेवढ्यात दिवस काढायचा. चहा, ताक, वरणातलं पाणी, गोळ्या गिळायचे घोट, सगळं त्याच बाटलीतून वजा. किडन्या निकामी झाल्या तेव्हापासून पोटात गेलेलं पाणी बाहेर पडत नाही, डायलिसिसच्या मशीननं ओढून काढेपर्यंत ते अंगातच राहतं. म्हणून आठवड्यातून तीनदा बोरी अरबहून एसटीनं यवतमाळला जायचं, हातात सुया टोचून पडून राहायचं आणि चोळामोळा होऊन परत यायचं. हे मरेपर्यंत.

लोक सांगतात, मन खंबीर ठेवा. भेटायला येणारा प्रत्येक जण हे सांगतो आणि सांगता सांगता माझ्यासमोर गटागटा पाणी पितो. अरे बाप्पा, आमच्याकडच्या मे महिन्यात, घशाला कोरड पडलेली असताना, ठेवून दाखवा म्हणावं मन खंबीर! मी लवंग चघळते, लिंबाची फोड चोखते, चूळ भरून थुंकते. थुंकताना जीव जातो. नवरा कूलरमध्ये बादली ओततो तेव्हा मी त्या बादलीकडे बघत बसते. त्याला ते कळतं, म्हणून तो आता मी झोपले की कूलर भरतो. मी झोपलेली नसते. डोळे मिटून त्या पाण्याचा आवाज ऐकत असते आणि कधीकधी वाटतं, एकदाच पोटभर पिऊन घ्यावं आणि सुटावं.

त्या उन्हाळ्यात मात्र मला सुटायचं नव्हतं, कारण लेकीचं लग्न जुळत होतं. आधीचं एक स्थळ माझ्यापायी मोडलं होतं. पोरगी उद्या आईला किडनी देईल, मग आमच्या घरी अर्धीच येईल, असं ती माणसं मध्यस्थाजवळ बोलली. लेक रडली नाही. पण पुन्हा कोणासमोर पोह्यांची ताटली घेऊन उभी राहणार नाही, हे तिनं सांगून टाकलं. मग तिनं स्वतःच मुलगा पसंत केला. यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीत नोकरीला, वडील नाहीत, घरात आई. आम्ही कुणबी, ते बौद्ध. माझे भाऊ फोनवर म्हणाले की पोरगी द्यायची तर द्या, आम्ही लग्नाला येणार नाही, आणि बोलणी करायला जाल तर तिथं पाणीसुद्धा पिऊ नका. मी त्यांना असं फैलावर घेतलं की पुढे कित्येक दिवस कोणी फोन केला नाही.

पण एक गोष्ट मी लेकीकडून कबूल करून घेतली होती. माझ्या आजाराचं तिथं कोणी बोलायचं नाही. मुलाला एवढंच माहीत होतं की हिच्या आईची तब्येत बरी नसते. बाकीचं लग्न झाल्यावर सांगू. हे स्थळ माझ्या किडनीपायी गेलं असतं तर मी त्याच दिवशी मशीनवर जाणं सोडलं असतं.

बोलणी करायचा दिवस रविवार ठरला. माझं डायलिसिस शुक्रवारी झालेलं, पुढचं सोमवारी. रविवारपर्यंत अंगात पाणी साचतं, पाय सुजतात, चार पावलं टाकली की धाप लागते. निघताना लेक म्हणाली, "आई, तिथं पाणी नाही म्हणू नको. त्याच्या आईले ते फार लागते." का लागतं ते तिला सांगावं लागलं नाही. मी सकाळपासून काही प्यायले नाही. दिवसाचं सगळं पाणी त्या घरच्या एका ग्लासासाठी राखून ठेवलं.

आणि वाटेत एसटी पंक्चर झाली. झाड नाही, आडोसा नाही, रस्त्याच्या कडेला उभी गाडी. डायलिसिससाठी हातावर फुगवलेली नस दिसू नये म्हणून मी भर मे महिन्यात लांब बाह्यांचा ब्लाऊज घातलेला. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली तेव्हा मी नवऱ्याच्या पिशवीतून माझी दिवसभराची बाटली ओढली आणि थेंब न ठेवता पिऊन टाकली. नवरा बघत होता. त्यानं रिकामी बाटली पिशवीत ठेवली आणि मला त्याचाच राग आला.

घर नीटनेटकं होतं. कोपऱ्यात ओलं फडकं गुंडाळलेला माठ, खिडकीत कूलर. मुलाची आई आमच्याच वयाची, हसतमुख. आम्ही टेकतो न टेकतो तोच तिनं ट्रेमध्ये पाणी आणलं. नवऱ्यानं घेतलं, लेकीनं घेतलं. मग ट्रे माझ्यासमोर आला. ग्लासवर बाहेरून थेंब जमले होते. माझा हात उठेना. एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवायचा, असं मी मनाशी म्हणत होते, आणि मला पक्कं माहीत होतं की ओठाला लागला तर तो खाली ठेवणं माझ्या हातून होणार नाही.

ती थोडा वेळ ट्रे धरून वाकलेली राहिली. मग सरळ झाली.

"राहू द्या जी," ती म्हणाली. "सवय हाय मले."

आवाजात राग नव्हता. ती ट्रे घेऊन वळली आणि लेकीनं मान खाली घातली. मी उठले, तिच्या पाठोपाठ गेले आणि ट्रेवरून ग्लास उचलला. पहिला घोट उतरला आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिला वाटलं असेल, ही बाई मनानं चांगली आहे. तिचा चेहरा असा उजळला की विचारू नका. पहिला ग्लास मी लेकीसाठी प्यायले. दुसरा मात्र मी तोंडानं मागितला. तिसराही मागितला. तिनं माठातून पुन्हा पुन्हा भरून दिला, वर कैरीचं पन्हं दिलं, तेही मी सोडलं नाही. ते कोणासाठी प्यायले ते मला विचारू नये.

सगळं ठरलं. हसतखेळत निरोप घेतला. एसटी स्टँडवर पोचायच्या आत माझा श्वास अडकला. छातीत घरघर, खोकल्यातून फेस. विहिरीत पडलेल्या माणसासारखी मी कोरड्या रस्त्यावर बुडत होते. ऑटोत नवऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून मी त्याला म्हटलं की आता दवाखान्यात नेऊ नको, पुरे झालं, लग्न ठरलं ना. तो रडत रडत ऑटोवाल्याला पळव म्हणत होता. दवाखान्यात डॉक्टरांनी तोंडावर ऑक्सिजन लावला आणि मला मशीनला जोडलं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मशीनवर होते. मुलाची आई आली. लेकीनं तिला सगळं सांगून टाकलं होतं. ती स्टूल ओढून बसली नाही, उभीच राहिली. नळीतून फिरणारं माझं रक्त तिनं बराच वेळ पाहिलं.

"लोक माह्या घरचं पाणी पेत नाहीत, हे दुःख मी जनमभर केलं," ती म्हणाली. "अन् तुम्ही पेल्या ते मरायले. माह्या हातचं पाणी पेऊन पोरीची माय मेली, हे घेऊन मी कशी जगली असती?"

मी विचारलं, "सोयरीक मोडता काय?"

"पोरगी माह्याच घरी येईन. तुमाले किडनी द्याची का नाही, ते तिचं ती पाहीन." तिनं पदरानं डोळे पुसले. "पण तुम्ही माह्या घरी आल्या तं तुमाले पाणी भेटणार नाही. मांगतलं तरी नाही."

"मी मांगीन," मी म्हटलं.

"मांगा."

लग्न झालं. भाऊ आले नाहीत. लेकीची किडनी मी अजून घेतलेली नाही, घेणारही नाही, आणि त्यावरून आमच्यात अधूनमधून कडाक्याचं भांडण होतं. लोहाऱ्याला जाते तेव्हा विहीणबाई सगळ्यांसमोर ट्रे फिरवते आणि मला सोडून पुढे जाते. नवे पाहुणे चपापून आधी माझ्याकडे बघतात, मग तिच्याकडे. मी पाणी मागते. गमतीनं नाही, खरंच मागते, हात पुढे करून मागते. ती नाही म्हणते आणि ट्रे आत घेऊन जाते.