घोंगडीवरचा मदरबोर्ड

माझ्या मनगटाला काळा पट्टा, पट्ट्याला वायर, वायरीच्या टोकाला चिमटा. हे पाहून रविवारी सकाळी आमच्या लातूरच्या घरात प्रवचन सुरू झालं. प्रवचनकार माझे पतिदेव. म्हणाले, "शेळीला बांधतेत तसं बांधून घेतलंस की." यांना कॉम्प्युटरमधलं जेवढं कळतं तेवढं शेळीलाही कळत असावं, पण शेळी त्यावर मत देत नाही.

झालं होतं असं, की पुण्याच्या एका ऑफिसनं मला घरबसल्या काम द्यायचं कबूल केलं होतं. घरांचे नकाशे काढायचं. लग्नाआधी नांदेडला केलेला माझा डिप्लोमा अकरा वर्षं कपाटात साड्यांखाली झोपला होता. सोमवारी सकाळी दहाला मशीन चालू दिसलं पाहिजे, नाहीतर काम यादीतल्या पुढच्या बाईला. जुना लॅपटॉप एक खोली काढली की धापा टाकायचा. म्हणून सुटे भाग मागवले आणि स्वतःच जोडायचं ठरवलं.

पंधरा दिवस व्हिडिओ बघितले. सगळ्यांत एकच धाक, अंगातली स्थिर वीज. कोरडी हवा, अंगावर लोकर नाहीतर नायलॉन, आणि तुम्ही बोर्डाला नुसतं बोट लावलं तरी आतली एखादी चिप कायमची जाऊ शकते. ठिणगी दिसतेच असं नाही. आमच्याकडं जानेवारीत ओठ फुटतात आणि स्वेटर काढताना केस उभे राहतात, त्यामुळं मला हे लगेच पटलं. मी घरात कायदाच लावला. माझ्या अंगावर सुती साडी, पाय अनवाणी, टेबलावरचं प्लास्टिक काढलेलं. नवऱ्याचं जॅकेट उंबऱ्याबाहेर, आणि जॅकेटसकट नवराही.

राहिला चिमटा. तो म्हणे अर्थिंगला जोडायचा. आमच्या भिंतीतल्या प्लगचं तिसरं भोक वायरमननं शोभेसाठी ठेवलंय असा माझा जुना संशय. मागं अर्थिंगचा खड्डा होता, पण कोरडा ठणठणीत. त्यात पाणी घातल्याशिवाय वीज जमिनीत उतरत नाही म्हटल्यावर प्रवचनाचा उत्तरार्ध सुरू झाला. "नळ आठ दिवसाला येतो, अन् तू जमिनीला पाजायलीस?" मी कपडे धुतलेलं पाणी दोन बादल्या उचलून मागं गेले. जाऊन यायला दहा मिनिटं लागली असतील.

आत आले तर जमिनीवर घोंगडी अंथरलेली. साधीसुधी नाही, घरी कुणी मोठं माणूस आलं तरच ट्रंकेतून निघते ती. तिच्यावर मधोमध माझा मदरबोर्ड, स्थिर वीज लागू न देणाऱ्या राखाडी पिशवीतून बाहेर काढलेला. आणि शेजारी बसून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, नायलॉनच्या पदरानं त्याला अलगद पुसत होत्या. सासरे जाऊन सहा वर्षं झाली होती. या घरात "करू द्या तिला" म्हणणारं माणूस एकच, आत्याबाई.

"नवा पाहुणा हाय," त्या म्हणाल्या. "असं पिशवीत कोंडून ठिवतेत व्हय? तुझं काम येणार हाय त्याच्यावर."

व्हिडिओवाल्यांनी जे जे करू नका म्हणून सांगितलं, ते सगळं बाईंनी एकट्यानं, मायेनं करून ठेवलं होतं.

"हात काढा आधी," मी म्हणाले. "त्याला हात लावायचा नसतो तुम्ही."

त्यांनी हात काढला. मला वाईट वाटायला सवड नव्हती.

जोडायला तीन तास लागले. दुपारी बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन काळीच. पुन्हा दाबलं. पाच-सहा वेळा दाबलं. माझ्या डोळ्यांपुढं यादीतली ती पुढची बाई उभी राहिली, आणि मी सगळ्यांसमोर बोलून गेले, "गेला बोर्ड. तुमच्या हातानं गेला, आत्याबाई."

नवऱ्यानं लगेच री ओढली, "आईला कुणी सांगितलं होतं मधी पडायला?" अकरा वर्षांत आमचं पहिल्यांदा एकमत झालं, ते हे. आत्याबाई उठून आत गेल्या.

मी सगळं सुटं करून पुन्हा बसवायला घेतलं. तेव्हा दिसलं, मेमरीची पट्टी एका टोकाला नीट बसलीच नव्हती. दाबली, खट् वाजलं. बटण लावलं आणि स्क्रीन उजळली. बोर्डाला काही झालं नव्हतं. चूक माझी होती, पंधरा दिवस शिकून, जमिनीला पाणी पाजून, पट्टा बांधून केलेली. नवरा तोवर फोनवर भावाला सांगत होता, "आम्ही घरीच जोडलं रे, त्यात काय एवढं."

मी सांगायला आत गेले. आत्याबाई मोरीपाशी बसून साबणानं हात धूत होत्या. बोटं लाल झाली होती. किती वेळ धूत होत्या कुणास ठाऊक. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चालू झालं, आत्याबाई. तुमच्यामुळं काही न्हाई झालं. माझंच चुकलं."

"बरं झालं, माय. सकाळी बस मग कामाला."

तिथंच गप्प बसावं की नाही? पण मी पडले शिकलेली. समजावून सांगायला लागले, की ही वीज कुणाच्याही अंगात साठते, माझ्याही, लोकरीनं, नायलॉननं, कोरड्या हवेनं, म्हणून हात लावायचा नसतो. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि हात पदराला पुसले.

"हे गेल्यापासून समदेच म्हणतेत, हात लावू नको. हळदीला न्हाई, ओटीला न्हाई. कारण कुणीच सांगत न्हाई," त्या म्हणाल्या. "तू निदान सांगितलंस."