शंखजिऱ्याची पुरचुंडी

आमच्या भागातल्या गोरेगावात एका दुकानात शिडीवर उभा होतो, तेव्हा खिशातला मोबाईल वाजला. गुलाबदादांचा जावई होता. "मामा गेले..." एवढंच बोलला. मी खाली उतरलो, पुन्हा वर चढलो. हातातला स्क्रू कुठं लावायचा तेच सुचेना. या गोष्टीला दीड महिना झाला, पण अजून एका जागी बसवत नाही. दादांना एक गोष्ट सांगायची होती, ती नऊ वर्षं राहिली आणि शेवटी राहूनच गेली.

गुलाबदादा सेनगावजवळच्या तांड्यातले. नव्वदच्या दशकात आम्ही दोघं मिळून वायरिंगची कामं घ्यायचो. लायसन्स त्यांचं, सहीही त्यांची. मी औंढ्याच्या नागनाथाच्या पुजाऱ्याच्या घरचा, म्हणून मला ते 'महाराज' म्हणत. त्यात आदर कमी आणि चेष्टा जास्त. त्यांच्या कमरेला कायम जुन्या धोतराच्या फडक्याची एक पुरचुंडी असे, आत शंखजिरं, म्हणजे गुळगुळीत पांढरी भुकटी. पाइपात वायर सोडायची तर ती आधी या पुरचुंडीत धरून हातभर हातभर पुसायची, म्हणजे ती वळणावर अडत नाही. बाकीचे लोक साबणाचा फेस लावून मोकळे होत. दादा म्हणत, लोखंडी पाइपात ओल राहिली की गंज धरतो. तेलाचं नाव काढलं तर मात्र चिडत. "तेल आज वायर सरकवतं अन् पुढं तिचंच कातडं खातं, महाराज. मंग शॉक लागंल तो कुणाच्या लेकराला?" एकेका पाइपाला ते इतका वेळ लावत की मी वैतागून जायचो. मी मुळातच उतावळा माणूस.

औंढ्याला एका भक्तनिवासाचं काम होतं. महाशिवरात्र दोन दिवसांवर आलेली, आणि आई आजारी म्हणून दादा तांड्यावर गेलेले. मीटरच्या खोलीपासून मागच्या विहिरीवरच्या मोटरीपर्यंत जमिनीखालून पाइप, त्याला तीन वळणं. दुसऱ्या वळणावर वायरी अडकल्या. ओढून ओढून तळहात सोलले. शेवटी बाहेर थांबलेल्या जीपवाल्याकडून जळकं ऑईल मागितलं आणि ओतलं. वायरी सुळकन आल्या... दुसऱ्या दिवशी दादा आले, त्यांनी वायरीचं टोक दोन बोटांत धरून चोळून पाहिलं.

"तेल लावलं का, महाराज?"

मी "न्हाई" म्हणालो. तेही नागनाथाच्या गावात. ते "बरं" म्हणाले आणि काम नीट झाल्याच्या कागदावर सही केली.

पुढं आमची कामं वेगळी झाली, भांडण वगैरे काही नाही. पण एसटी त्या भक्तनिवासावरून जायला लागली की मी खिडकीतून मान काढून बघायचो. विहिरीपाशी ओल्या पायांनी पाणी भरणाऱ्या बायका, लेकरं दिसायची. सेनगावला जाऊन दादांना सांगून टाकू, असं दर वेळी ठरवायचो आणि दर वेळी कच खायचो. मला माझी लाज वाटते.

दादांचे दिवस झाले आणि मला राहवेना. नवी वायर घेऊन औंढ्याला गेलो. राखणदार जुनाच, त्यानं ओळखलं. मेन स्विच बंद करून मी पाइपाच्या तोंडाशी बोटं घातली, तेल लागेल म्हणून. बोटं पांढरी झाली. वायर कोरडी होती, आणि मी ओढलेली ती नव्हतीच.

राखणदार म्हणाला, "काहून खोलून राहिले? तुमचे दादा शिवरात्रीनंतर येऊन बदलून गेले न्हवं का. पाइप पुसून काढला, दिवसभर एकटेच ओढून राहिले होते. म्हणले, महाराजांना सांगू नका, त्यांना तकलीफ होईल."

मी तिथंच पायरीवर बसून रडलो. त्यांना सगळं ठाऊक होतं. मग नऊ वर्षं ते वाट बघत होते का, की मी आपणहून सांगेन? का विसरूनही गेले होते? हा प्रश्न मला कामावर, जेवताना, कुठंच सोडत नाही.

परत येताना तांड्यावर गेलो, तेव्हा वहिनींनी ती पुरचुंडी माझ्या हातात दिली. आता ती माझ्या कमरेला असते. काम हळू होतं, लोक कुरकुरतात. पाइपात पहिली वायर सोडण्याआधी ती पुरचुंडीत धरतो आणि हळूच म्हणतो, "व्हय दादा, लावलं होतं."