ट्रंकेतला डबा

भूकंपानंतर सिंधुबाईंचा निरोप्यांवरचा विश्वास पार उडाला. त्या पहाटे घर बसलं, वडील दगडमातीखाली अडकले, आणि सिंधुबाईंनी शेजारच्या महादेवप्पाला मदत आणायला सायकलवर औशाला पिटाळलं. तो वाटेतल्या गावातच थांबला. तिथंही माणसं गाडली होती. त्यांना काढत बसला. इकडं वडील गेले. तेव्हापासून सिंधुबाई त्याच्याशी बोलल्या नाहीत. त्यांच्या हळदीकुंकवाचं बोलावणंसुद्धा त्याच्या दाराला वळसा घालून जायचं.

वीसेक वर्षांनी नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून आसिफ नावाचा पोरगा पांढरे डबे घेऊन आला. जमीन हलली की डबा ते टिपणार, बिनतारी पुढच्या गावातल्या डब्याला कळवणार, तो त्याच्या पुढच्याला, असं करत खबर नांदेडला पोचणार.

"मधी कुनी थांबत न्हाई ना?" सिंधुबाईंनी एवढंच विचारलं. न्हाई म्हटल्यावर एक डबा आपल्या गच्चीवर बसवून घेतला. परत तसं होऊ द्यायचं नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

राखण त्यांनी जिवापाड केली. आधी वानरांसाठी काठी घेऊन बसल्या. मग चोरांची काळजी लागली, तेव्हा मुलाची लोखंडी ट्रंक गच्चीवर नेऊन डबा तिच्यात ठेवला आणि कुलूप घातलं. हरिओम ही ट्रंक घेऊन दोनदा डॉक्टर व्हायला लातूरच्या क्लासला जाऊन आला होता. आता ट्रंकेला काही काम नव्हतं, त्यालाही नव्हतं.

आठवड्यानं आसिफ धापा टाकत आला. "मावशी, तुमच्या मागच्या तीन गावांची काहीच खबर येईना."

सिंधुबाईंनी कमरेची किल्ली काढून मोठ्या तोऱ्यात ट्रंक उघडली. आसिफनं डबा उचलून बाहेर कठड्यावर ठेवला.

"चोरापासून वाचलाय, मावशी. पण लोखंडातून त्याचा आवाज भाईर जात न्हाई. अन् त्या गावांचा रस्ता तुमच्यावरूनच हाय."

सिंधुबाई झाकण लावून ट्रंकेवर बसल्या. त्यांना फार वाईट वाटलं. यात लबाडी कुणाची नव्हती, हेच जास्त लागलं.

"मंजे मीच मधी थांबवलं," त्या म्हणाल्या. "परत असं झालं तर दुसरा रस्ता न्हाई का?"

"हाय. आनखी एक डबा हाय. पण जवळच उंच घर लागंल."

गल्लीत उंच घर एकच होतं. सिंधुबाईंनी तो दुसरा डबा पदराखाली घेतला आणि महादेवप्पाच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. तो शेंगा फोडत बसला होता. तो उठला.

"हे वर ठेवायचं हाय. माझा थांबला तर तुझा जाईल."

महादेवप्पानं डबा दोन्ही हातांनी घेतला. "सिंधुताई, तवा त्या गावात ढिगाऱ्याखाली लेकरू रडत होतं."

"निघालं का?"

"निघालं. आता दोन पोरांची माय हाय ती."

"बरं झालं," सिंधुबाई म्हणाल्या, आणि तो वर चढेपर्यंत शिडी धरून उभ्या राहिल्या.